बाळंतिणीच्या खोलीतली मिरी

बाबांनी उभ्या नोकरीत जमिनीत एकही झाड लावलं नाही. जवाहरनगरला फॅक्टरीच्या आमच्या क्वार्टरमागे थोडी जागा होती, पण क्वार्टर सरकारी. आज आपलं, उद्या दुसऱ्याचं. म्हणून त्यांची सगळी बाग तेलाच्या पिप्यांत, गळक्या बादल्यांत आणि बूड गेलेल्या घमेल्यांत होती. तिथं देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली माणसं नोकरीला असत. कोणाची बदली झाली की सोफा, पलंग, फ्रिज ट्रकमध्ये चढायचे आणि झाड आमच्या दारात यायचं. शेजारच्या केरळच्या मावशींनी जाताना मिरीचा वेल दिला होता. त्यांनी बजावलं होतं, "हिला थंडी सहन होत नाही. आमच्याकडे हिवाळाच नसतो." बाबांनी ते एखाद्या आजारी माणसाचं पथ्य ऐकावं तसं ऐकून घेतलं होतं.

क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे तिथं वारा लागत नसे. फार गारठा पडला तर बाबा न्हाणीघरात पिपे ओढून घेत आणि वर एक बल्ब लटकवत. मिरी, वेलदोडा, पानवेल, लाल फुलाचं अँथुरियम, सगळी निभावली. मिरीला तर हिरवे घोस लागले, तेव्हा बाबांनी ते लाइनीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवले होते.

मग ते निवृत्त झाले आणि आईबाबा सिहोऱ्याला, आमच्या गावच्या घरी राहायला आले. आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. घराच्या मागे धानाची बांधी, त्यापलीकडे मोकळं रान. नदीकडून येणारा वारा थेट परसात घुसायचा. पहिल्याच हिवाळ्यात बाबांची निम्मी झाडं गेली. सकाळी पाहावं तर पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोंबलेली. बल्ब लावावा तर वीज कधी जाईल, कधी येईल, नेम नाही. मी तेव्हा साकोलीला सासरी होते. आई फोनवर म्हणाली, "तुझे बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. काहून म्हणून विचारलं तं म्हणते, भूकच नाही."

दुसऱ्या हिवाळ्यात मी बाळंतपणाला आले. तुमसरच्या दवाखान्यात मुलगी झाली, टाके पडले, आणि मला सिहोऱ्याला आणलं. घराच्या मागची खोली आईने माझ्यासाठी तयार केली होती. जाड मातीच्या भिंती, एक दार, आणि खाटेच्या डोक्याशी लाकडी गजांची लहानशी खिडकी. पायाशी घमेल्यात निखारे. गावभर हुडहुडी भरलेली असताना त्या खोलीत मात्र उबेने डोळे मिटायचे. सबंध घरात तेवढी एकच जागा गरम होती, आणि हे माझ्या लक्षात यायच्या आधीच बाबांच्या लक्षात आलं होतं.

ते दारात उभे राहून भिंतीकडे बघत होते. आईने ओळखलं.

"नाही हं," ती म्हणाली. "लेकराच्या खोलीत मातीचे पिपे नाही चालत."

"दोन-चार दिवसांचा सवाल आहे," बाबा म्हणाले. "थंडीची लाट ओसरली का काढून घेतो."

"हे झाडं हायेत का पाहुणे?"

बाबा दारातून हलले नाहीत. फॅक्टरीत पाळ्या सांभाळलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून त्याला घरात हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. मी खाटेवरून म्हटलं, "ठेवा, बाबा. मला काही त्रास नाही."

आई माझ्याकडे रागाने पाहत निघून गेली. बाबांनी संध्याकाळपर्यंत सगळे पिपे आत आणले आणि दारापासून खाटेपर्यंत भिंतीला लागून ओळीने मांडले. मग मागच्या ढिगातून तणस आणली, म्हणजे धान मळून झाल्यावर उरतो तो पेंढा, आणि पिप्यांच्या मधल्या फटींत दाबून भरली. मिरीचा पिपा दाराच्या अगदी जवळ होता. "तिच्या मुळाले ऊब लागली पाहिजे," असं म्हणत त्यांनी तिच्याभोवती सगळ्यात जास्त तणस लावली. खोलीला ओल्या मातीचा वास येऊ लागला. मला तो बरा वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ नुकतं पिऊन झोपलं होतं. आई चुलीपाशी, बाबा अंगणात. खोलीत फुस्स असा आवाज झाला. निखाऱ्यांवर पाण्याचा थेंब पडावा तसा. मी घमेल्याकडे पाहिलं. तिथं पाणी कुठलं? पुन्हा आवाज झाला, आता लांब, कुकरची शिट्टी सुटायच्या आधी होतो तसा. मी मान वळवली तर दाराजवळच्या पिप्याशी तणस हलत होती.

उंदीर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग तणस बाजूला सरली आणि तपकिरी अंगावर साखळीसारखे गोल डाग दिसले. जाडजूड वेटोळं. मी शेतकऱ्याची मुलगी नसले तरी त्या भागात वाढलेल्या कुणालाही ते डाग ओळखता येतात. घोणस.

त्याच वेळी आई शिऱ्याची वाटी घेऊन दार ढकलत होती.

"आई, थांब! दार लोटू नको!"

माझा आवाज असा निघाला की तिच्या हातातली वाटी पडली. दार अर्धवट उघडं राहिलं. वाटीच्या खणखणाटाने घोणस फुगली आणि इतक्या जोरात फुत्कारली की आईने ते बाहेरून ऐकलं.

"काय आहे वो, बाई?"

"घोणस आहे. दाराशीच. मिरीजवळ."

आई ओरडली नाही. तिने फक्त "अवो, ऐका ना जी!" अशी बाबांना हाक मारली, पण त्या हाकेने अंगणातली कोंबडीसुद्धा गप्प झाल्यासारखी वाटली. बाबा धावत आले. दाराच्या फटीतून त्यांचा एक डोळा मला दिसला. तो डोळा आधी माझ्यावर गेला, मग बाळावर, मग खाली. आणि खाली पाहिल्यावर तो तिथेच राहिला.

"तणशीतून आली," ते हळूच म्हणाले. "मीच आणली."

"ते मंग बोला," आई म्हणाली. "आता काय करता ते सांगा."

पाहता पाहता अंगणात माणसं जमली. कोणी काठ्या आणल्या, कोणी म्हणालं, दार जोरात लोटून चेपून टाका. बाबांनी सगळ्यांना दारापासून मागे ढकललं. "आत काठी फिरवाले जागा नाही. चवताळली तं सरळ खाटेकडे जाईल." तुमसरला साप पकडणारा एक माणूस होता, एक जण मोटारसायकलने त्याला आणायला गेला. पण तो घरी सापडेल की नाही, सापडला तरी किती वेळात येईल, कोणाला ठाऊक?

मी खाटेवर पाय वर घेऊन भिंतीला टेकले होते. टाक्यांमधून कळा येत होत्या. बाळ मांडीवर झोपलेलं, त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. घोणस आता फुत्कारत नव्हती. ती शांत होती आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. आवाज असेपर्यंत ती कुठे आहे हे तरी कळत होतं.

माझ्या डोक्यामागे खिडकीत बाबांचा चेहरा आला. ते घराला वळसा घालून मागून आले होते, स्टुलावर उभे होते.

"बेटा, घाबरू नोको. हालू नोको. मी गज कापतो."

"बाबा, आवाज होईल."

"हळू कापतो. तेल लावलं आहे आरीले."

त्यांनी आरी फिरवायला सुरुवात केली. फॅक्टरीत उभं आयुष्य मशीनवर काढलेला हात, पण आरी पुन्हा पुन्हा खाचेतून घसरत होती. भुसा माझ्या केसांवर पडत होता. मध्येच ते थांबत आणि विचारत, "कुठी आहे ती?" मी म्हणे, "तिथंच." मग पुन्हा आरी. एक गज निघाला. दुसऱ्याला वेळ लागला, लाकूड जुनं, गाठीचं होतं. एकदा आरी करकरली तशी तणस खसखसली आणि आम्ही दोघंही गोठलो. आई बाबांच्या मागे उभी होती, तिचा हात बाबांच्या पाठीवर होता. त्या घरात मी त्यांना एकमेकांना असा हात लावताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा गज निघाल्यावर बाबा स्टुलावरून उतरले. आई चढली.

"आण लेकराले."

मला वाटलं होतं, बाळ बाहेर गेलं की मी सुटले. पण ते हातातून सोडायची वेळ आली तेव्हा माझे हात ऐकेनात. मी गुडघ्यांवर उठले, खाट करकरली, मी डोळे मिटले. आईने फटीतून दोन्ही हात आत घातले होते. मी बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, डोकं आधी दिलं, मग पाय. ते जागं झालं आणि रडायला लागलं. क्षणभर ते अर्धं आत आणि अर्धं बाहेर होतं. मग आईने ओढून घेतलं आणि माझे हात रिकामे झाले.

खिडकी माझ्यासाठी पुरेशी नव्हती. आणखी गज कापले असते तरी टाके असताना मी त्यातून चढले नसते.

बाहेर बाळ रडत होतं. त्या रडण्याने मला दूध दाटून आलं, पोलकं भिजलं. आई त्याला घेऊन दूर गेली असावी, कारण आवाज लहान लहान होत गेला. बाबा पुन्हा दाराशी आले होते. आता त्यांच्या हातात गुरांसाठी चारा ओढायचा लांब दांड्याचा आकडा होता.

"मी पिपे बाहेर ओढतो," ते फटीतून म्हणाले. "एक-एक करून. तू फक्त तिच्यावर नजर ठेव आन् मले सांग."

"बाबा, तिला धक्का लागेल."

"लागणारच. पण ती तिथं बसली तोवर तू निघू नाही शकत."

आधी त्यांनी दार हळूहळू पुरतं उघडलं. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून आकडा आत घातला आणि मिरीच्या पिप्याच्या कडीत अडकवला. पिपा जागचा हलला तशी घोणस वीज पडावी तशी झेपावली. तिचं तोंड पत्र्यावर आपटल्याचा टण्ण आवाज मला स्पष्ट ऐकू आला. बाबांनी पिपा सोडला नाही. तो आडवा पडला, माती सांडली, वेलाची काठी मोडली, आणि तसाच तो फरफटत उंबऱ्याबाहेर गेला. मागोमाग वेलदोडा, मग पानवेल. ज्या पिप्यांना पाणी घालतानाही बाबा पानाला हात लागू देत नसत, तेच पिपे ते आता मुंडकं धरून ओढावं तसे ओढत होते.

"कुठी आहे?" ते विचारत होते.

"कोपऱ्यात."

"आता?"

आडोसा गेल्यावर ती उघड्यावर आली होती. जागोजागी सांडलेल्या मातीतून, घमेल्याला वळसा घालून, ती माझ्या खाटेखाली गेली.

"बाबा, खाली. माझ्या खाली."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो, ओठ कोरडे, कपाळावर त्या थंडीतही घाम. मग ते मागे वळले आणि कोणाला तरी म्हणाले, "समोरच्या खोलीतली बाज आणा. लवकर, पण वाजवू नका."

दोघातिघांनी बाज आणली. पिपे गेल्यामुळे आता दारातून आत यायला वाट होती. बाबांनी ती बाज लांबीने उंबऱ्यावरून आत सरकवली, तिचे पाय खाली न टेकवता, वरच्या वर धरून, आणि तिचं टोक माझ्या खाटेच्या कडेवर टेकवलं. दुसरं टोक बाहेरच्या माणसांच्या हातांवर होतं. जमिनीला न लागता दारापर्यंत पूल झाला.

"ये. हातापायांवर ये. खाली पाहू नोको."

मी निघाले. दोऱ्यांची वीण तळव्यांना रुतत होती. मधोमध बाज वाकली आणि मला टाक्यांत काहीतरी फाटल्यासारखं झालं. खालून फुत्कार आला. मी थांबले. पुढे जाववेना आणि मागेही जाववेना.

"बाबा, नाही होत."

"होते. माझ्याकडे पाह."

ते उंबऱ्यात उभे होते, बाजेच्या दोन्ही कडा पकडून. मी त्यांच्याकडे पाहत पुढे सरकले. हाताला हात लागला तसं त्यांनी मला काखेत धरून ओढलं आणि अंगणात आणून ठेवलं. आईने बाळ माझ्या छातीशी दिलं. लोक बघत असताना मी तिथेच जमिनीवर बसून त्याला पाजायला घेतलं. कोणीतरी माझ्याभोवती चादर धरली.

सापवाला संध्याकाळी आला. बराच वेळ आतून खुडबुड ऐकू आली, मग तो एक झाकण लावलेली बरणी घेऊन बाहेर आला. काठ्या घेतलेल्यांना त्याने हटकलं आणि ती बरणी जंगलाकडे घेऊन गेला.

मला समोरच्या खोलीत नेलं. टाके नीट होते, एक जरासा उसवला होता. पिपे अंगणातच पडून राहिले. कोणी उभे केले नाहीत. आईने जेवताना सांगितलं, "त्यायले झाका तरी. आज फार गारठा आहे." बाबा म्हणाले, "मरू दे." सकाळी मिरी काळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि सासूबाई साकोलीहून जीप करून आले. कोणी फोन केला कोण जाणे. सासूबाईंनी बाळाला उलटसुलट करून पाहिलं, मग बाबांकडे, आपल्या व्याह्यांकडे वळल्या.

"इवाई, बाळंतिणीच्या खोलीत झाडं कोन ठेवते जी?"

"माझी चूक झाली," बाबा म्हणाले. एवढंच. मान खाली.

"आता आमी घेऊन जातो पोरीले."

आईचा चेहरा उतरला. नवरा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याशी कधी उलट बोलले नव्हते, सासूबाईंशी तर नाहीच. पण बाबांची ती झुकलेली मान मला सहन झाली नाही.

"मीच त्यांना ठेवायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "आणि नामकरण इथंच होईल. तोवर मी कुठं जाणार नाही."

सासूबाई चहा पिऊन गेल्या, निरोप घेतानाही तोंड वळवून.

त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट सलत होती. बाबा बाळाला हात लावत नव्हते. त्याआधी ते दिवसातून दहादा काही ना काही निमित्ताने यायचे, त्याच्या तळव्यात आपलं बोट द्यायचे. आता दारातूनच विचारत, "दूध पेलं का?" आणि निघून जात. मी बाळ पुढे केलं तर म्हणत, "हात मातीचे आहेत." हात मातीचे नसायचे. पिप्यांना तर ते शिवतही नव्हते. एके दिवशी आईनेच त्यातले उरलेले उचलले, गोठ्याच्या उन्हाच्या बाजूला नेऊन ठेवले आणि वर प्लास्टिकचा कागद ताणला. मला म्हणाली, "माणसाचा राग झाडावर काढून राहिले तुझे बाबा. झाडायनं काय केलं?" वेलदोडा आणि पानवेल जगली. मिरी आणि अँथुरियम गेलं.

नामकरणाच्या दिवशी अंगणात मांडव होता. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली, वंदना झाली, सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. बाबा खुर्च्या हलवत, पाणी देत, सारखे कामात. सासूबाई आल्या होत्या, अजून जरा ताठच. मुलीचं नाव ठेवलं गेलं, टाळ्या झाल्या. पाहुण्यांच्या हातातून बाळ फिरत फिरत सगळीकडे गेलं, बाबा सोडून. दुपारी जीपमध्ये माझं सामान चढवलं तेव्हाही ते पिशव्याच उचलत होते.

बाळ तेव्हा सासूबाईंकडे होतं. त्या जीपच्या दाराशी उभ्या होत्या. बाबा पिशवी ठेवून मागे वळले, तशा त्या पुढे झाल्या आणि काही न विचारता बाळ सरळ त्यांच्या हातांत दिलं.

"धरा जी. मले चढाचं आहे."

आता सोडून कसं देणार? बाबांनी धरलं. हात आखडलेले, कोपर बाहेर, जणू काचेचं भांडं. बाळाने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. बाबांनी कोपर आत घेतलं आणि त्याला छातीशी धरलं. सासूबाई आत चढून बसल्या, पण बाळ परत मागितलं नाही. त्या आत सरकल्या आणि शेजारच्या सीटवर हात मारला.

"बसा नं, इवाई. साकोलीवरी चला. उद्या एसटीनं या वापस."

"असाच? चपलेवर?"

"मंग काय बुटं घालता? बसा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जा. स्वेटर देते." ती स्वेटर घेऊन येईपर्यंत ते चढून बसले होते. जीप निघाली. महामार्गाला लागल्यावर वारा आत यायला लागला तेव्हा बाबांनी स्वेटर स्वतःला न घालता बाळाभोवती गुंडाळला, आणि साकोली येईपर्यंत त्यांनी तिला कोणाकडेच दिलं नाही.